डागाशी फुटलेले जहाज

कोणीच बोलत नव्हते. टेबलाच्या मधोमध जहाजाचे छायाचित्र पडले होते; त्याच्या एका अंगाला आईचा चष्मा, दुसऱ्या अंगाला मावशीची बशी, आणि दोघींपैकी एकीनेही त्याला बोट लावले नव्हते. चहावर साय धरली होती. शिवणयंत्राच्या सुईखाली अर्धी शिवलेली बाही लोंबत होती. या घराला शांतता नवी नव्हती. पण रोजची शांतता धुऊन धुऊन मऊ झालेल्या चादरीसारखी असे; ही कोऱ्या, खळ धरलेल्या कापडासारखी अंगाला टोचत होती.

मैनेला वाटले, छायाचित्र एकेकीला वेगवेगळे दाखवायला हवे होते.

मैना हे तिचे खरे नाव नव्हे. आई आणि मावशी या सख्ख्या बहिणी एका घरात राहत, एका भांड्यातला भात वाढून घेत आणि एकमेकींशी बोलत नसत. मैनेला वाचा फुटली तेव्हापासून इकडचा शब्द तिकडे पोचवण्याचे काम तिच्याकडे आले. "तिला सांग, आमटीत मीठ नाही." "तिला म्हणावं, मिठात दोष नाही, जिभेत आहे." मीठ आणि जीभ हाताच्या अंतरावर असत, पण निरोप जाई तो मैनेच्या तोंडून. ऐकलेले जसेच्या तसे म्हणून दाखवते म्हणून मावशीने तिला मैना म्हटले आणि तेच चिकटले. पुढे ती शिकायला परगावी गेली, तेव्हा या जागेवर मांजराची नेमणूक झाली. मांजर निरोप पोचवत नसे; पण त्याच्याकडे बघून बोलले की दुसरीला ऐकू जाई, आणि अबोल्याचा मानही राही.

आता मैनेच्या केसांत पांढरे दिसू लागले होते. बंदराच्या संग्रहालयात ती नोकरी करत होती. युद्धाच्या धामधुमीत बांधलेले एक मालवाहू जहाज भंगारातून वाचवून धक्क्याला कायमचे बांधून ठेवायचे ठरले होते, आणि त्याचा इतिहास लिहिण्याचे काम तिच्याकडे आले होते. आनंदाच्या भरात ती छायाचित्र घेऊन घरी आली होती.

शेवटी आईने तोंड उघडले, अर्थात मैनेकडे बघत.

"हे तेच."

"तेच असं नाही सांगता येत, आई. नाव वेगळं आहे. त्याच गोदीत बांधलं, एवढं नक्की."

"नाव बदललं म्हणून बाई बदलते का? मग जहाज कसं बदलेल?" आईने चष्मा लावला, छायाचित्राकडे पाहिले आणि पुन्हा काढला. "जहाज डागाशी फुटलं. तो खलाशी इथं, याच खुर्चीवर बसून सांगून गेला. 'डागाशी फुटलं, वहिनी.' ते डाग कोणी दिले होते, ते तिला विचार."

हे वाक्य मैना जन्मात पहिल्यांदा ऐकत होती. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात भर समुद्रात जहाज दुभंगले, पुढचा अर्धा भाग बुडाला, त्यात वडील गेले, आणि ती तेव्हा आईच्या पोटात होती, एवढे तिला ठाऊक होते. अबोल्याचे मूळ मात्र कोणी दाखवले नव्हते. ते आज, चहा निवत असताना, टेबलावर येऊन बसले.

आजोबांचे दुकान भांडी सांधण्याचे. फुटक्या घागरीला, गळक्या किटलीला डाग देऊन ते पुन्हा संसाराला लावत. त्या घरात डाग म्हणजे सांधा, दुसरे काही नाही. कपड्यावर पडतो त्याला त्या घरात ठिपका म्हणत, आणि आईकडे कपडे शिवायला येणाऱ्या बायका अजून त्यावरून हसत. आईने सुई धरली. मावशीने वडिलांची आग धरली. युद्धात पुरुष गेले, गोदीने बायकांना वेल्डिंगच्या कामावर घेतले, तेव्हा कातड्याचा अंगरखा आणि काळ्या काचेचा मुखवटा घालून पहिल्या तुकडीत उभी राहिली ती मावशीच. "डाग द्यायला जाते गं," असे ओरडून ती सकाळी घराबाहेर पडे. जहाज फुटल्याची बातमी आली त्यानंतर तिने आग हातात धरली नाही. कपड्यांच्या धुलाईखान्यात इस्त्री करून तिने बहिणीचे घर चालवले. आईने तिची मदत घेतली. शब्द मात्र घेतला नाही.

"विचारायचं काय त्यात?" मावशी उठली आणि बशी विसळू लागली. "दिले होते मी. तिला सांग, असेल तसंच."

त्या 'असेल'ने मैनेला झोप लागू दिली नाही. जी बाई आमटीतल्या मिठावरून माघार घेत नाही, ती याबाबतीत 'असेल' म्हणते, म्हणजे तिने हा आरोप अंगाला लावून घेतला आहे. दागिन्यासारखा नव्हे, भाजल्याच्या वणासारखा. मैनेला आता जहाजाचा इतिहास दुय्यम वाटू लागला. तिला एकच गोष्ट हवी होती: जहाज नेमके कोठून फुटले? उत्तर मावशीच्या बाजूने निघाले, तर कदाचित या घरात एखादे वाक्य तिच्या मध्यस्थीवाचून, सरळ, एका बहिणीकडून दुसरीकडे जाईल.

पण जहाज सरळ उत्तर देणाऱ्यांपैकी नव्हते.

त्याच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, रंगाच्या थरांखाली, जुन्या नावांची अक्षरे उठून राहिली होती. ऊन तिरके आले की एका नावातून दुसरे नाव डोके वर काढी, जशी चेहऱ्यातून एखाद्या पूर्वजाची ठेवण. या जहाजाने सिमेंट वाहिले, लाकूड वाहिले, एकदा तर एका सर्कशीचे हत्ती वाहिले. ते बांधण्याची रीतही जगावेगळी. पूर्वी जहाज कण्यापासून वर वाढत जाई, झाडासारखे. हे मात्र बेतलेले, तयार कपड्यांसारखे. भाग निरनिराळ्या छपरांखाली तयार झाले. कामगाराला हात वर करून आग धरावी लागू नये म्हणून तळ उलटा बांधला गेला, मग यारीने उचलून पालथ्याचा उताणा केला आणि शेजारच्या भागाला जोडला. खिळे ठोकायला वेळ नव्हता. वितळलेल्या पोलादाच्या रेघांनी सारे शिवून काढले. युद्धाला जहाजे हवी होती, आणि ती बुडतील त्याहून लवकर हवी होती.

इथवर ठीक. पुढे मात्र गणित बिघडत होते.

"काय बाई, झाला का इतिहास लिहून?" जहाजाची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्या तांडेलाने विचारले. खलाशांचा म्होरक्या म्हणून उभा जन्म काढलेला हा माणूस आता झाडू आणि रंगाचा डबा घेऊन रिकाम्या डेकवर हुकूम सोडत फिरे. हुकूम ऐकायला बहुधा कबुतरेच असत. "का अजून जहाज जन्मालाच यायचंय?"

"जन्मच सापडत नाही, काका. एकाच महिन्यात तुमचं हे जहाज उत्तरेला बर्फात अडकलंय आणि दक्षिणेला उन्हात कापूस भरतंय. दोन्ही पुरावे पक्के."

तांडेल इतका हसला की त्याला खोकला लागला. "मग दोन्ही खरे! खालच्या बोळातून जाताना ठेच लागते का नाही?"

"रोज. अंगठ्याचं नख गेलं."

"तिथंच आहे तुमचा जन्म. चला."

खालचा बोळ अरुंद होता, तेलाचा आणि जुन्या रंगाचा वास कोंडलेला. मध्यावर जमीन बोटभर उंच होत होती. तांडेलाने त्या उंचवट्यावर बुटाची टाच आपटली.

"इथून मागचं आमचं. इथून पुढचं तिच्या बहिणीचं. एकाच आराखड्यावर बेतलेल्या दोघी. आमची पुढून गेली. ती दुसरी सुरुंगावर बसली, तिची मागून गेली. युद्धात पोलाद टाकून देत नसत बाई. दोघींचं उरलंसुरलं ओढत आणलं, जोडलं, आणि एका नावानं नांदायला लावलं. सांधताना बोटभर चुकले. एवढं चालायचंच, बहिणी-बहिणी म्हटल्या की."

मैनेला हसू आले आणि लगेच विरले. "आमचं म्हणालात. तुम्ही होता त्या जहाजावर? फुटलं तेव्हा?"

"होतो म्हणजे? मागच्या अर्ध्यात होतो, म्हणून तर आज तुमच्याशी गप्पा मारतोय. लाट अशी आली, पाच मजली—"

"परवा चार मजली होती, आणि जहाज कोणतं ते सांगितलं नव्हतंत."

"परवा तुम्ही घाईत होता."

"नाळेवर पहाऱ्याला कोण होतं, आठवतं?"

तांडेलाचे हात थांबले. वरच्या गोल खिडकीतून आलेला उजेड त्याच्या टोपीवर थरथरत होता. "होता एक. शीळ घालायचा. जहाजावर शीळ घातली की वारा चिडतो म्हणून आम्हा सगळ्या खलाशांवरचा सारंग त्याला शिव्या द्यायचा. तर हा काय म्हणायचा, 'वाऱ्यालाही करमणूक नको का?'"

"ते माझे वडील."

तांडेलाने टोपी काढली. ती कोठे ठेवावी हे न सुचून पुन्हा डोक्यावर घातली. "म्हणजे तू त्या शिवणकामवाल्या वहिनींची? मीच गेलो होतो निरोप घेऊन. चहा दिला होता त्यांनी. साखर घालायची राहिली होती. मी तसाच प्यालो, पोरी. बोललो नाही."

"तुम्ही सांगितलंत, जहाज डागाशी फुटलं."

"डागाशीच फुटलं! त्या डागाला माझ्याएवढं कोण ओळखतं? दर फेरीला मीच त्याच्यावर रंग मारत होतो. खरवडायचा, रंग मारायचा, की चार दिवसांत बेटा परत वर. सारंग म्हणायचा, रंग पाणचट कालवतोस लेका."

सांधा खरवडत नाहीत. सांधा चार दिवसांत परत वर येत नाही.

"काका," तिने अगदी हळू विचारले, जणू मोठ्याने विचारले तर उत्तर उडून जाईल, "डाग म्हणजे काय?"

"डाग म्हणजे डाग! गंजाचा. मालाच्या कोठीचं चौकोनी तोंड असतं ना डेकवर, त्याच्या कोपऱ्यातून निघालेला. आधी केसाएवढा, तांबडा, मग बोटाएवढा. आत पोलादाला बारीक चीर होती. ती रडत होती, आणि आम्ही तोंड पुसत बसलो होतो."

"आणि सांधा? वेल्डिंग?"

"वेल्डिंग कुठलं आलं तिथं? कोपरा अखंड पत्र्यातून कापलेला. त्या थंडीत ते पोलाद बिस्किटागत झालं होतं. तोफ उडावी तसा आवाज झाला आणि चीर सरळ पत्र्यातून धावत गेली. वाटेत वेल्डिंग आलं असेल, तर ते ओलांडून. लाट तर अशी, सहा मजली..."

पुढचे मैनेने ऐकले नाही. एक खलाशी आपल्या भाषेत एक शब्द बोलला होता आणि एका बाईने तो आपल्या माहेरच्या भाषेत ऐकला होता. जगात कोणत्याही दुसऱ्या घरात तो शब्द ठिपकाच राहिला असता, तांबडा, ओला, निरुपद्रवी. पण भांडी सांधणाऱ्याच्या लेकीने डाग ऐकला आणि तिच्या डोळ्यांपुढे मुखवटा घातलेली धाकटी बहीण उभी राहिली. शब्दालाही मागचा अर्धा आणि पुढचा अर्धा असतो. त्या दिवशी, बिनसाखरेच्या चहावर, त्याचा एक अर्धा बुडाला होता.

तांडेलाला तिने यातले काही सांगितले नाही. तो सातव्या मजल्यावर पोचला होता. त्याला तेथेच राहू दिले.

दोघींना जहाजावर नेणे हे जहाज बांधण्याहून अवघड निघाले.

"तिला सांग, मला जिने चढवत नाहीत," आई म्हणाली.

"तिला सांग, जहाजाला जिना नसतो, शिडी असते," मावशी म्हणाली.

"तिला सांग, शहाणपण नको."

"मी कोणाला काही सांगणार नाही," मैना म्हणाली. "माझा घसा बसलाय. मांजराला सांगा." हे ती यापूर्वी कधी बोलली नव्हती, म्हणूनच बहुधा दोघी मुकाट्याने चपला घालू लागल्या.

सकाळ वाऱ्याची होती. शिडी चढताना आई पुढे, मावशी मागे. आईचा पाय जरा अडखळला तेव्हा मावशीचा हात तिच्या पाठीशी गेला, टेकला नाही, अंतर राखून तसाच वर चढत राहिला. डेकवर आल्यावर मावशीने आजूबाजूला पाहिले आणि ती मागच्या भागाकडे एकटीच चालू लागली, एखादे जुने घर विकल्यावर पुन्हा बघायला आलेल्या माणसासारखी.

मैनेने आईला कोठीच्या तोंडाशी नेले आणि घरी घोकून ठेवलेली वाक्ये विसरून जमेल तसे सांगितले: तांडेल कोण, तो कोणत्या डागावर रंग मारत होता, चीर कोठून निघाली आणि कशातून धावली. "फुटला तो कोपरा आता नाही. जोडताना तेवढा भाग कापून टाकला. पण हा बघ, बहिणीच्या जहाजाचा. आधी हाही टोकदार चौकोनी होता. तसली आणखी जहाजं फुटली, तेव्हा उरलेल्या सगळ्यांचे कोपरे असे गोल करून घेतले."

आई वाकली. टाचण्यांनी खरखरीत झालेल्या बोटांनी तिने पोलादाचा गोलवा चाचपला. एकदा, पुन्हा एकदा.

"काजाचं टोक करतात तसं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"कापडाला चौकोनी चीर दिली की ते कोपऱ्यातून फाटत जातं. गोल दिली की थांबतं." तिचे बोट वळणावरून सरकत राहिले. "आणि फाटतं ते कापड फाटतं. शिवण नाही फाटत. शिवण कापडाहून चिवट असते. नव्या पोरींना मीच शिकवते की हे."

ती तशीच वाकलेली राहिली. मैनेला दिसले, ते वाक्य उच्चारल्यानंतर आईने ते ऐकले होते. उशिरा, जसा दूरच्या घणाचा आवाज घाव पडून गेल्यावर येतो.

मागच्या भागात, कठड्याखालच्या भिंतीशी, मावशी गुडघ्यांवर बसली होती. रंगाच्या थरांखाली पोलादाची एक रेघ उभी गेली होती, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक रचलेली. तिने तळवा तिच्यावर ठेवला होता.

"हा माझा हात," ती मैनेला म्हणाली. "हे बघ, खवला डावीकडे झुकतो. मुकादम ओरडायचा, सरळ काढ म्हणून. बाबांचाही डाग असाच झुकायचा." ती हसली. मैनेने तिला इतके तरुण हसताना पाहिले नव्हते. "आहे बाई अजून. हललेला नाही."

आई त्यांच्यामागे येऊन उभी होती. वाऱ्याने तिच्या केसांची बट तोंडावर येत होती आणि ती बाजूला सारायचे तिला भान नव्हते. मैना सवयीने दोघींच्या मध्ये उभी होती. तिच्या ते लक्षात आले आणि ती एक पाऊल बाजूला झाली.

"अगं," आई म्हणाली.

ते मैनेला नव्हते. मावशीचा तळवा रेघेवर थांबला.

"तो गंजाचा ठिपका म्हणत होता. मला वाटलं, डाग म्हणजे... मी आपल्या घरातला डाग समजले." आईचा आवाज खरखरला, पुष्कळ दिवस बंद असलेल्या नळातून आधी हवा यावी तसा. "तुझा नव्हता तो."

'तिला सांग' कोणी म्हटले नव्हते. सारे इतके सोपे होते, इतके सरळ. मैनेला हसावेसे वाटले, टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. खाली धक्क्यावर कोणी साखळी ओढत नेत होते.

मावशी भिंतीचा आधार घेत उठली. गुडघे झटकले. बहिणीकडे वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लहानपणी न उलगडलेले एखादे कोडे मोठेपणी पुन्हा घालावे, तसे कुतूहल होते.

"आणि तो माझाच असता तर गं, ताई?"

आईने मैनेकडे पाहिले, निरोप देण्यासाठी पाहत असे तसे. पण द्यायला निरोप नव्हता. मग ती वळली. कोठीच्या तोंडाला वळसा घालून, एक हात कठड्यावर ठेवत, ती शिडीकडे चालत गेली आणि शिडीवर मागे फिरून, तोंड मावशीकडे ठेवत, एकेक पायरी, खाली उतरू लागली.